नवी आवृत्ती की निभावणारी आवृत्ती? : 'डेबियन'च्या निवडीमागील विचार

'लिनक्स' या नावाने ओळखली जाणारी संगणकप्रणाली ही कोणा एका कंपनीने घडविलेली वस्तू नव्हे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला 'कर्नल' हा तिचा केवळ गाभा होय. पडद्यावरील खिडक्यांची मांडणी, इंटरनेटचा ब्राउझर, पत्रे आणि तक्ते तयार करण्याची सॉफ्टवेअर्स, प्रिंटरला आज्ञा देणारे प्रोग्रॅम, अक्षरांचे फाँट हे सारे जगभरातील हजारो स्वतंत्र प्रकल्पांतून येते. यातील प्रत्येक प्रकल्पाचे वेळापत्रक वेगळे. कोणी दर महिन्याला नवी आवृत्ती काढतो, कोणी वर्षातून एकदा, तर कोणी मनात येईल तेव्हा.

हे विखुरलेले साहित्य गोळा करून, ते एकमेकांशी जुळते याची खात्री करून, एका संचाच्या रूपाने वापरणाऱ्याच्या हाती देणे हे 'डिस्ट्रिब्युशन'चे, म्हणजे वितरणाचे काम. 'डेबियन', 'रेड हॅट', 'सुसे', 'उबुंटू' ही अशी काही वितरणे. वितरण तयार करणाऱ्यांपुढे दर खेपेस एकच प्रश्न उभा राहतो. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती संचात घ्यावी? सर्वांत नवी ती घ्यावी, असे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात या एका प्रश्नाने अनेक वितरणांची वर्षे खर्ची घातली आहेत आणि त्याच्या उत्तरावर लाखो संगणकांची सुरक्षितता अवलंबून राहिली आहे.

एकमेकांत गुंतलेले धागे

आवृत्तीची निवड अवघड होण्याचे पहिले कारण म्हणजे सॉफ्टवेअरचे परस्परावलंबन. बहुतेक प्रोग्रॅम स्वतःची सर्व कामे स्वतः करीत नाहीत. फाइल आकसून लहान करणे, संदेश सांकेतिक लिपीत बदलणे, देवनागरीची जोडाक्षरे पडद्यावर मांडणे अशी कामे ते 'लायब्ररी' नावाच्या सामाईक प्रोग्रॅमांवर सोपवितात. एका लायब्ररीवर शेकडो प्रोग्रॅम विसंबून असतात. तिची नवी आवृत्ती घेतली आणि तिने जुनी पद्धत मोडीत काढलेली असली, तर ते शेकडो प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागतात. काही बांधलेच जात नाहीत, कारण त्यांच्या लेखकांनी ते काम कधीच सोडून दिलेले असते.

याचे ताजे उदाहरण तारखांच्या हिशेबाचे आहे. जुन्या ३२ बिटी पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या संगणकांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भरून वाहणार आहे. त्यावर उपाय म्हणून डेबियनने आपल्या ३२ बिटी संगणकरचनांपैकी जुनी इंटेल रचना वगळता इतरांवर ६४ बिटी कालगणना स्वीकारली. एका संख्येची रुंदी बदलायची, एवढेच हे काम वाटते. परंतु त्यासाठी असंख्य लायब्रऱ्या आणि त्यांवर विसंबलेले प्रोग्रॅम एकाच वेळी बदलावे लागले. जुन्या इंटेल रचनेला सूट देण्यामागेही आवृत्तीचाच विचार होता. त्या रचनेचा आज मुख्य उपयोग पूर्वीचे तयार प्रोग्रॅम चालविण्यासाठी होतो आणि बदल केला असता तर नेमके तेच बंद पडले असते.

तीन दालने आणि एक चाळणी

डेबियनची स्थापना इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. डेब्रा आणि इयन या दोन नावांच्या संयोगातून प्रकल्पाचे नाव सिद्ध झाले. हा प्रकल्प आजही स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. प्रत्येक पॅकेजची, म्हणजे संचातील प्रत्येक सुट्या सॉफ्टवेअरची, जबाबदारी एका व्यक्तीकडे अथवा गटाकडे असते. या जबाबदार व्यक्तीस 'मेंटेनर' म्हणतात. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील खेळण्यांची नावे देण्याची त्यांची प्रथा आहे.

डेबियनमध्ये सॉफ्टवेअर तीन दालनांतून प्रवास करते. मेंटेनर नवी आवृत्ती प्रथम 'अनस्टेबल' या दालनात ठेवतो. याचे कायमचे नाव 'सिड'. चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव. दुसरे दालन 'टेस्टिंग', तर तिसरे 'स्टेबल'. सर्वसामान्य वापरणाऱ्यांसाठी आणि सर्व्हरसाठी असते ते हे तिसरे.

अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये जाण्यास कोणाची शिफारस लागत नाही. एक स्वयंचलित चाळणी त्याचा निर्णय करते. २००० सालाच्या अखेरीस ही व्यवस्था सुरू झाली. पॅकेज अनस्टेबलमध्ये ठरावीक काळ मुरले पाहिजे. मेंटेनरने सांगितलेल्या निकडीनुसार हा काळ साधारणतः दहा, पाच किंवा दोन दिवसांचा असतो. ज्या संगणकरचनांसाठी डेबियन प्रसिद्ध होते त्या सर्वांवर ते बांधले गेले पाहिजे. ते ज्यांवर विसंबते ती पॅकेजे टेस्टिंगमध्ये असली पाहिजेत. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे, प्रकाशन रोखून धरण्याइतका गंभीर असा नवा दोष त्यात आढळलेला नसावा. म्हणजे येथे आवृत्ती 'चांगली आहे का' असा प्रश्न विचारला जात नाही. 'पूर्वीपेक्षा वाईट तर नाही ना' एवढेच पाहिले जाते. हा प्रश्न यंत्राला विचारता येतो आणि हजारो पॅकेजांच्या बाबतीत तो निःपक्षपातीपणे विचारला जातो.

गोठवणीचा काळ

चाळणी कितीही चोख असली तरी वाहता प्रवाह प्रसिद्ध करता येत नाही. कधीतरी तो थांबवावा लागतो. यालाच 'फ्रीज' म्हणजे गोठवण म्हणतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ अर्थात 'ट्रिक्सी'ची गोठवण १५ मार्च २०२५ रोजी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात लायब्रऱ्यांची मोठी स्थित्यंतरे बंद झाली. १५ एप्रिलपासून केवळ लहान आणि नेमक्या दुरुस्त्यांना वाव राहिला. १५ मेपासून महत्त्वाच्या पॅकेजांतील बदलांसाठी प्रकाशन चमूची संमती आवश्यक ठरली आणि २७ जुलैनंतर दारे जवळजवळ पूर्ण मिटली.

या प्रक्रियेतून ६९,८३० पॅकेजांचा संच सिद्ध झाला. त्यात १४,१०० हून अधिक पॅकेजे नवी होती. मात्र कालबाह्य ठरल्यामुळे ८,८४० हून अधिक पॅकेजे वगळण्यातही आली. ही दुसरी संख्या सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण निवडीचे खरे स्वरूप तीच सांगते. ज्यास मेंटेनर उरलेला नाही, ज्याचे दोष कोणी दुरुस्त करीत नाही, ते सॉफ्टवेअर आज चालत असले तरी पुढील काही वर्षे ते निभावेल असे वचन देता येत नाही. कर्नलची ६.१२ ही आवृत्ती निवडली गेली ती त्याच विचाराने. तिच्या पुढच्या आवृत्त्या तोवर आल्या होत्या, परंतु ६.१२ ही दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती म्हणून कर्नलच्या मूळ प्रकल्पानेच जाहीर केलेली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीस सुमारे तीन वर्षे नियमित आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घकालीन योजनेखाली सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. तेव्हा निवड आजची असली तरी हिशेब पाच वर्षांचा मांडावा लागतो.

गोठवण लांबली तर काय होते, याचाही अनुभव डेबियनने घेतला आहे. 'वुडी' ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी आली आणि तिच्यानंतरची 'सार्ज' ६ जून २००५ रोजी. जवळजवळ तीन वर्षांच्या या काळात नवी यंत्रे बाजारात आली, पण जुन्या संचास ती ओळखता येईनात. सार्ज येण्यापूर्वीच, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उभी राहिलेली आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारी उबुंटू अवतरली. परिपूर्णतेची वाट पाहणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत वापरणारा मोजतो, हा धडा त्यातून मिळाला. २००९ मध्ये डेबियनने ठरावीक कालांतराने गोठवण करण्याचे धोरण जाहीर केले. आता सुमारे दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते.

घाई केव्हा अंगाशी येते, केव्हा नाही

नव्याची ओढ किती महाग पडू शकते, हे रेड हॅटने २००० साली अनुभवले. त्या वर्षीच्या रेड हॅट लिनक्स ७ मध्ये 'जीसीसी' या कंपायलरची २.९६ ही आवृत्ती होती. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. पंचाईत अशी, की जीसीसी प्रकल्पाने २.९६ नावाची आवृत्ती कधी प्रसिद्धच केली नव्हती. विकासाच्या वाटेवरील एक अवस्था उचलून कंपनीने ती स्वतः दुरुस्त केली होती. जीसीसीच्या सुकाणू समितीने ऑक्टोबर २००० मध्ये निवेदन काढून, ही आपली अधिकृत आवृत्ती नव्हे असे स्पष्ट केले. तिच्याद्वारे बांधलेले 'सी प्लस प्लस' भाषेतील प्रोग्रॅम आधीच्या २.९५ शी जुळत नव्हते आणि पुढे जून २००१ मध्ये आलेल्या ३.० शीही जुळणार नव्हते. कर्नल बांधण्यासाठी तर जुना कंपायलर वेगळ्या नावाने संचात द्यावा लागला. कंपनीची बाजू अशी, की २.९५ मध्ये तिला हव्या असलेल्या अनेक सोयी नव्हत्या. ती बाजू खोटी नव्हती. तथापि जी आवृत्ती मूळ लेखक आपली मानीत नाहीत, तिचा सारा भार घेणाऱ्यावरच पडतो.

याउलट, अपुऱ्या अवस्थेतील आवृत्ती घेणेच शहाणपणाचे ठरते असेही प्रसंग येतात. एप्रिल २००८ मध्ये उबुंटूची ८.०४ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात 'फायरफॉक्स ३' हा ब्राउझर चाचणीच्या पाचव्या 'बीटा' अवस्थेत होता. तीन वर्षे टिकावयाच्या प्रणालीत बीटा कसा, अशी टीका त्या वेळी झाली. पण पर्याय होता तो 'फायरफॉक्स २'चा आणि त्याची देखभाल डिसेंबर २००८ मध्येच थांबली. तो घेतला असता तर वर्ष संपण्याच्या आत उबुंटूला एका बेवारस ब्राउझरची जबाबदारी एकट्याने वाहावी लागली असती. उलट फायरफॉक्स ३ ची पक्की आवृत्ती १७ जून २००८ रोजी आली आणि नेहमीच्या अद्ययावतीकरणातून ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली.

दोन्ही प्रसंगांत कच्चे सॉफ्टवेअरच निवडले गेले. फरक होता तो पुढील वाटेत. फायरफॉक्स ३ ला मूळ लेखकांनी आखलेली वाट होती, जीसीसी २.९६ ला ती नव्हती.

क्रमांक जुना, दुरुस्ती नवी

स्थिर वितरणांची आणखी एक रीत बाहेरच्या माणसास चक्रावून टाकते. सुरक्षेतील दोष सापडला की मूळ प्रकल्प नवी आवृत्ती काढतो. वितरण मात्र बहुधा ती आवृत्ती न घेता तिच्यातील नेमकी दुरुस्ती तेवढी काढून आपल्या जुन्या आवृत्तीला लावते. यास 'बॅकपोर्टिंग' म्हणतात. नव्या आवृत्तीबरोबर येणारे इतर बदल टळतात आणि चालू काम बिघडत नाही.

७ एप्रिल २०१४ रोजी 'ओपनएसएसएल' या लायब्ररीतील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हा ही रीत सर्वांसमोर आली. सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते परक्याला वाचू देणारा हा दोष १.०.१ या आवृत्तीपासून शिरला होता आणि १.०.१जी मध्ये तो दूर झाला. डेबियनच्या त्या वेळच्या स्थिर संचात १.०.१ई होती. डेबियनने क्रमांक तोच ठेवून, मागे आपली खूण जोडून दुरुस्ती दिली. त्यामुळे केवळ मूळ क्रमांक पाहणाऱ्यास दुरुस्त झालेला सर्व्हरही असुरक्षित वाटावा अशी स्थिती होती. गंमत अशी, की त्याआधीच्या 'स्क्वीझ' या संचात ओपनएसएसएलची ०.९.८ ही जुनी शाखा होती आणि तिच्यात हा दोष मुळी नव्हताच.

बॅकपोर्टिंगला मर्यादाही आहेत. आजचे ब्राउझर इतके प्रचंड आहेत आणि इतक्या वेगाने बदलतात, की प्रत्येक दुरुस्ती वेगळी काढून जुन्या आवृत्तीस लावणे स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेर गेले. म्हणून २०१३ मध्ये डेबियनने मोझिलाच्या ब्राउझरपुरता आपला नियम सैल केला आणि मूळ प्रकल्पाच्याच दीर्घ मुदतीच्या शाखेच्या नव्या आवृत्त्या स्थिर संचात घेण्यास सुरुवात केली. नियमाचा हेतू सांभाळण्यासाठी नियमाला दिलेला हा अपवाद होता.

मूळ लेखक आणि वितरक

एखाद्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे वाटली जाते, तेव्हा मूळ लेखकाचीही एक तक्रार असते. 'एक्सस्क्रीनसेव्हर'चे लेखक जेमी झाविन्स्की यांनी ती २०१६ मध्ये ठणकावून मांडली. केव्हाच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी जुनी आवृत्ती वापरणारे लोक आपल्याकडे पाठवीत राहतात, हे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी, ही आवृत्ती फार जुनी झाली आहे असा इशारा पडद्यावर दाखविण्याची सोय प्रोग्रॅममध्येच केली होती. डेबियनच्या वापरणाऱ्यांना तो दिसू लागला आणि तो काढून टाकावा का, यावर वाद झाला. परवान्यानुसार बदल करण्यास मोकळीक होती. परंतु इशारा काढणार असाल तर माझा प्रोग्रॅमच वगळा, अशी लेखकाची भूमिका होती. कायदा एकाच्या बाजूने आणि सौजन्य दुसऱ्याच्या बाजूने, अशी ही कोंडी. एक्सस्क्रीनसेव्हर आजही डेबियनमध्ये मिळतो.

वितरकाने मूळ सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बदल करण्यातील धोका मात्र याहून गंभीर आहे. स्मृतीतील चुका शोधणाऱ्या एका साधनाच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधील काही ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यासोबत, सांकेतिक किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकताही जवळजवळ नाहीशी झाली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यता तेवढ्या उरल्या. एवढ्या तर साधा संगणकही तपासून पाहू शकतो. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले तेव्हा डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर दीड वर्षाहून अधिक काळात तयार झालेल्या किल्ल्या निकामी ठरल्या. अशा प्रणालींवर किल्ल्या तयार केलेल्या सर्व्हरचालकांना त्या नव्याने कराव्या लागल्या. दुरुस्ती मूळ लेखकांच्या नजरेखालून जावी, हा आग्रह त्यानंतर अधिक तीव्र झाला.

उशिराचे कवच

२९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने एक धक्कादायक शोध जाहीर केला. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या क्षुल्लक भासणाऱ्या निरीक्षणावरून तो 'एक्सझेड' या लायब्ररीपर्यंत पोहोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविलेला होता. सहकारी म्हणून शिरून, दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने हे घडवून आणले होते. या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग दालनांत पोहोचल्या होत्या. स्थिर संचात त्या वेळी ५.४.१ होती, त्यामुळे तो सुरक्षित राहिला. उबुंटूने २४.०४ ची बीटा आवृत्ती एक आठवडा पुढे ढकलून पॅकेजे नव्याने बांधली.

अर्थात जुनेपणा हे स्वतःच कवच होते असे म्हणता येणार नाही. हार्टब्लीडच्या वेळी स्थिर संचही सापडलाच होता. कामास आला तो मधला अवकाश. सॉफ्टवेअर निर्माण होणे आणि ते सर्वांच्या हाती पडणे यांत काही काळ जावा, त्या काळात ते अनेकांनी वापरावे, मोजावे, संशय घ्यावा, यासाठी दालनांची ही रचना आहे. चोरदरवाजा ज्यास आढळला तो डेबियनचे अनस्टेबल दालनच वापरीत होता, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

वापरणाऱ्याने काय पाहावे

डेबियनमधील निर्णयांचे परिणाम डेबियनपुरते राहत नाहीत. उबुंटू, 'रास्पबेरी पाय'ची प्रणाली आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक'ने भारतीय भाषांच्या सोयींसह विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली या सर्वांचा पाया डेबियनच आहे. डेबियनने एखादे पॅकेज वगळले, तर अशा प्रणालींना ते स्वतः सांभाळावे लागते अथवा सोडून द्यावे लागते.

म्हणूनच कार्यालयासाठी, शाळेसाठी वा घरासाठी मुक्तस्रोत प्रणाली निवडताना संचातील आवृत्त्यांचे क्रमांक किती मोठे आहेत हे पाहणे पुरेसे नसते. सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, त्या कोण देणार आणि ती मुदत संपल्यावर पुढच्या आवृत्तीवर जाण्याची वाट चाचणी केलेली आहे का, हे तीन प्रश्न अधिक मोलाचे. आपल्या संगणकावर जुना क्रमांक दिसला म्हणून बाहेरून नवी आवृत्ती आणून बसविणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, की त्या क्षणापासून त्या सॉफ्टवेअरची देखभाल वितरणाकडून निघून त्याच्या स्वतःच्या अंगावर येते. आवृत्तीचा क्रमांक ती कधी निघाली एवढे सांगतो. तिच्या पाठीशी उद्या कोण उभे राहणार, याचे उत्तर ती निवडणाऱ्यांकडेच मागावे लागते.